परत येण्याचा पुरावा

१९ ऑगस्ट २००३, मंगळवार. दौंड

प्राचीला व्हिसा मिळाला नाही.

गार्डाची नोकरी केलेल्या माणसाला एक खोड असते. गाडी कुठं आणि का थांबली ते वेळेसकट लिहून ठेवायचं. रेल्वेतून निवृत्त झालो तरी खोड गेली नाही, म्हणून ही वही. आज घरातलीच गाडी थांबली आहे, तेव्हा लिहिलंच पाहिजे.

सकाळी कुरिअरवाला पासपोर्ट घेऊन आला. पार्वती पाकीट बुद्धमूर्तीपुढं ठेवायला निघाली होती, प्राची म्हणाली, "आई, आधी उघडू तरी दे." आत शिक्का नव्हता, इंग्रजी पत्र होतं. प्राचीनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग आम्हाला मराठीत सांगितलं. ही मुलगी शिकायला म्हणून इंग्लंडला येते आहे, पण शिक्षण संपल्यावर परत जाईल, तेवढ्यापुरतंच राहील, याची मुंबईच्या व्हिसा-साहेबाला खात्री पटत नाही. का, तर वय चोवीस, लग्न झालेलं नाही, आणि अर्ज करायच्या थोडंच आधी तिनं घरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून दिला आहे. म्हणजे परतीचे दोर कापूनच निघाली आहे.

खात्री पटत नाही म्हणे! कारेगावच्या लॅबमध्ये कंपन्यांचं सांडपाणी तपासणारी पोरगी. पाण्याचंच पुढचं शिकायला निघाली होती. विद्यापीठानं फी माफ केली, सप्टेंबरअखेर वर्ग सुरू होणार होते. दौंडच्या आमच्या गल्लीतून कुणी नगरच्या पलीकडे शिकायला गेलेलं नाही. माझं डोकं दिवसभर तापलेलं आहे.

प्राची रडली नाही. पत्राची घडी घातली आणि मला विचारलं, "आण्णा, ते हक्कसोडपत्र फाइलला कुणी लावलं?"

मीच लावलं होतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस घरात कुणी नीट बोलत नाही. जणू मी काही गुन्हा केला. म्हणून एकदा सगळं इथं लिहून टाकतो.

शिरूरच्या अलीकडे घोडनदीच्या कडेला आमची जमीन आहे. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबून घेतलेली. निवृत्त झाल्यावर मी मुलगा महेंद्र आणि प्राची, दोघांचीही नावं सातबाऱ्यावर लावली. भावकीत तोवर कुणी मुलीचं नाव लावलं नव्हतं. लोक हसले. मी म्हणालो, हसा. आपण नुसतं जयभीम म्हणायचं आणि लेकीला वाटा द्यायची वेळ आली की मान फिरवायची, हे मला जमणार नाही.

यंदा इकडे प्राचीला प्रवेश मिळाला आणि तिकडे महेंद्रनं पाईपलाइनचं काढलं. नदीचं पाणी रानात आणायचं तर कर्जासाठी बँकेला उताऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात. महेंद्र म्हणाला, "आण्णा, उद्या सही लागली तर हिला इंग्लंडात कुठं हुडकायची?" त्याचं बरोबरच होतं. मग आम्ही सगळे शिरूरला निबंधकाच्या कचेरीत गेलो आणि प्राचीनं हक्क सोडला. घरी आल्यावर महेंद्रच्या बायकोनं, सीमानं, तिला मोरपंखी साडी दिली. रीतच आहे ती. आपल्याकडं मुलगी भावाशी जमिनीसाठी भांडत नाही. सही करते, साडी घेते आणि माहेर राखते. माझ्या बहिणीनं, कुशानंही सही केलीच होती.

मुलगी किती निर्लोभी आहे ते साहेबाला दिसावं, म्हणून मी ते पत्र फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं. इंग्रजी भाषांतर करून लावलं. चांगलं म्हणून केलेलं असं अंगाशी येईल हे कुणाला माहीत?

कुशाला साडी दिली होती का, ते मात्र आठवत नाही. दिलीच असेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज जयसिंग वकिलांकडे गेलो. दौंडच्या कोर्टात बांध, वहिवाटीचा रस्ता आणि विहिरीचा वाटा, या तीन गोष्टींवर त्यांचा संसार चालतो. व्हिसाचं प्रकरण त्यांनी कधी पाहिलेलं नाही, पण तसं कबूल करतील तर वकील कसले? पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शंकरराव, केस रस्त्याची आसू द्या न्हाईतर लंडनची, अपील म्हंजी अपील. मुदतीत टाकायचं."

पत्राच्या मागं सगळं लिहिलेलंच आहे. महिन्याच्या आत अपील द्यायचं. कागद इथून इंग्लंडात जातात, तिथला न्यायाधीश वाचून निकाल देतो. यंदाचं वर्ष गेलंच, पण विद्यापीठ पुढच्या वर्षापर्यंत जागा धरायला तयार आहे. वकिलांनी सोपा उपाय सांगितला. हक्कसोड केली तशी फिरवा, पोरीचं नाव परत लावा, नवा उतारा जोडा, विषय संपला.

घरी येऊन महेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "लावू की. माझी कुठं ना हाय? पर एवढं पाईपलाइनचं होऊ द्या आण्णा. आत्ता नाव लावलं तर बँकेची सगळी कागदं पहिल्यापासनं." सीमा भाकरी थापत राहिली. प्राचीनंही मान वर केली नाही.

महेंद्र मनाचा मोकळा आहे. त्याचा नाइलाज आहे एवढंच. आपण दुसरं काहीतरी काढू.

३१ ऑगस्ट, रविवार

वकिलांनी प्राचीला सांगितलंय, तू परत का येणार ते स्वतःच्या शब्दांत लिही. पोरगी कोरा कागद घेऊन बसली. सगळ्यांनी सुचवायला सुरुवात केली. पार्वती म्हणाली, "लिही, आईचा गुडघा दुखतो." महेंद्र म्हणाला, "लिही, तिकडं मिरचीचा ठेचा मिळत न्हाई." मी म्हणालो, थट्टा पुरे, चल, आपण शिरूरला जाऊन येऊ. रानात गेल्याशिवाय सुचायचं नाही.

एसटीनं चौफुला, न्हावरे करत गेलो. घोडनदी दिसली की मी अजून चपला काढून हातात घेतो. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात वाळूत कलिंगडाच्या वाड्या असायच्या. कुशा माझ्या सदऱ्याचं टोक धरून मागं चालायची. वाळू तापलेली असली की ती माझ्या पावलांवर पावलं टाकून यायची, म्हणजे तेवढीच वाळू जरा दबलेली मिळायची. पाण्यात मात्र ती माझ्या पुढं असायची. डोहात बुडी मारून हाताच्या मुठीत चिखल दाखवायची, तळ गाठल्याची खूण म्हणून. मी कधीच तळ गाठला नाही, आणि तिनं ते घरी कधी सांगितलं नाही. ती कुशा आता कुठं आहे, असं मनात आलं. म्हणजे पाटसला आहे, ते माहीत आहे. पण ती डोहातली.

प्राची बांधावर उभी राहून सगळीकडं बघत होती. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी दौंडचं यार्ड असंच बघितलं होतं, एकेक रूळ. मला भरून आलं. तिनं पिशवीतून बाटली काढली, नदीचं पाणी भरलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आण्णा, वरच्या अंगानं यात काय काय येतं ते कुणी तपासतच नाही. मला शिरूरला स्वतःची लॅब काढायचीय. शिकून आले की पहिलं काम ते."

"मग हेच लिही की!"

"लिहिलंय. पण ते माझ्या मनात आहे, आण्णा. पुरावा काय दाखवू?"

७ सप्टेंबर, रविवार

मला पुरावा सुचला आणि मीच स्वतःच्या पाठीवर थाप मारली. त्या न्यायाधीशाला आपली रीत माहीत नाही, एवढीच तर अडचण आहे. हक्क सोडणारी मुलगी माहेर सोडत नाही, उलट ते टिकावं म्हणून जमीन सोडते. आणि याला जिवंत साक्षीदार माझ्या घरातलीच. कुशाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं!

मजकूर रात्रीच लिहून ठेवला होता. सकाळच्या गाडीनं पाटसला गेलो. दौंडहून अर्ध्या तासाची वाट. कारखान्याचा हंगाम अजून सुरू नाही, त्यामुळं रस्त्यावर उसाचं एक चिपाड नव्हतं. कुशाचा मुलगा कारखान्यात आहे. तो कामाला गेला होता. कुशा दारातच बसली होती, पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. केस पार पांढरे झाले आहेत. तिचा नवरा गेला तेव्हा आलो होतो, त्यानंतर आजच.

तिनं गुळाचा चहा केला. मी कागद पुढं केला. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तिनं वाचला आणि एका ओळीवर बोट थांबलं.

"'मी दरवर्षी भावाच्या घरी माहेरपणाला येऊन राहते.' कवा रं दादा?"

"अगं, लिहायची पद्धत असते तशी."

"कवा आले मी ऱ्हायला? जयंतीला गावात येती मी. मांडवात बसती, जेवती आन् सांच्या यष्टीनं माघारी. गावातल्या बाया इचारत्यात, दौंडला भावाकडं न्हाई गेलीस? मी म्हंती, त्याला ड्युटी आसती."

"मग यायचं की. तुला अडवलं कुणी?"

"बोलवलं कुणी?"

आम्ही धम्म घेतल्यापासून भाऊबीज करत नाही, त्यामुळं बोलावण्याचा तसा ठरलेला दिवस उरला नाही. त्यात माझी नोकरी गार्डाची, आज सोलापूर तर उद्या मनमाड. हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली.

"खोट्यावर सही न्हाई करायची मी. पोरीचं काम आडलंय ते कळतंय मला. मला ऱ्हायला ने. ऱ्हाते, आन् मंग करते."

मी हसलो. ती हसली नाही. उठून पिशवी भरायला लागली होती.

१० सप्टेंबर, बुधवार

कुशा आली. प्राचीच्या खोलीत तिची व्यवस्था केली आहे. पार्वतीनं पुरणाचा घाट घातला आणि मला एवढंच म्हणाली, "इतकं जवळ पाटस आहे हे मला माहीतच नव्हतं." तिच्या बोलण्यात कधीकधी काय असतं ते कळत नाही. पाटस तिला चांगलं माहीत आहे.

घरात बरं वाटतंय. कुशा आणि मी ओट्यावर बसून दुपारभर बोललो. वडिलांचं खोकणं, आईची नऊवारी, नदीपलीकडच्या सिंधूबाईची म्हैस आमच्या कलिंगडात शिरली ते. मी विसरलेलं तिला आठवतं आणि तिचं विसरलेलं मला. दोघांचं मिळून एक पुरतं लहानपण झालं. इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. प्राची लॅबमधून आल्यावर तीही ऐकत बसली.

१४ सप्टेंबर, रविवार

आज सहज विषय निघाला म्हणून मी म्हणालो, "कुशे, आपण शिरूरला सहीला गेलो होतो तेव्हा स्टँडवर भेळ खाल्ली होती, आठवते का? काय भेळ होती ती!"

"आठवती की. वडील म्हनलं, सही कर, मंग भेळ खाऊ. मला वाटलं लगीन झालं त्याची काय तरी सही आसंल. चौथी शिकलेली मी, वाचता येत व्हतं मला, पर वाचाया कुणी दिलं न्हाई. भेळ खाताना तू सांगितलं, जमिनीचा हक्क सोडलास म्हून."

"पण तू हसत होतीस."

"तिखाट व्हती भेळ."

प्राची तिच्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. आजकाल तिचं मन कशातच रमत नाही, अपिलाची काळजी. ती भेळ मात्र खरंच झणझणीत होती, तशी आता शिरूरला मिळत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुदत संपत आली. महेंद्रला परत विचारलं नाही, त्याचे पाईप यायचे आहेत. कुशाला घेऊन वकिलांकडे गेलो. तिनं माझा मजकूर बाजूला सारला आणि स्वतः सांगायला लागली. लिहून घेणाऱ्यानं बोली तेवढी बदलून बाकी जसंच्या तसं घेतलं:

"मी कुशाबाई, राहणार पाटस. लग्न झालं त्या वर्षी मी शिरूरला सही करून जमिनीवरचा हक्क सोडला. जमीन सुटली म्हणून गाव सुटलं नाही, मी दरवर्षी जाते. भावाच्या घरी यंदा पहिल्यांदा राहिले, कारण त्याला माझी सही पाहिजे होती. प्राची माझी भाची. ती शिकून माघारी येईल. आमच्यातल्या मुली माघारी येतात. त्यांना घरात घ्यायचं का नाही, ते घरचे ठरवतात."

वकिलांनी डोक्याला हात लावला. "आवो कुशाबाई, हे आपल्याच इरोधात जातंय की! शेवटच्या दोन वळी काढू."

"काढा. पर मंग सही बी काढा."

मी तिला खूप समजावलं. तिकडं न्यायाधीश वाचणार, आपल्या घराण्याची शोभा होणार, आणि केस हरली म्हणजे? ती ढिम्म. शेवटी प्राची म्हणाली, "आण्णा, असंच राहू दे. मी भाषांतर करते." तिनं शब्द न् शब्द इंग्रजीत उतरवला. सोबत माझं तीन पानी निवेदन आहे, त्यात आपल्या संस्कृतीत माहेराचं स्थान काय ते मी व्यवस्थित मांडलं आहे. त्यावरच आता भिस्त.

कुशा संध्याकाळच्या एसटीनं पाटसला गेली. राहा म्हणालो, पण काम झालं म्हणाली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज प्राचीचे वर्ग तिकडे सुरू झाले असते. ती सकाळपासून न जेवता बसली आहे. मी दौंड स्टेशनवर जाऊन एक चक्कर मारून आलो. पूर्वी वाफेच्या इंजिनांच्या धुरानं इथं कपडे वाळत घालायची सोय नव्हती, बायका शिव्या घालायच्या. आता धूर नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

११ जानेवारी २००४, रविवार

काही कळत नाही. अपील पोहोचल्याचं पत्र आलं, पुढं सामसूम. प्राचीनं कारेगावला मैत्रिणीबरोबर खोली घेतली आहे, लॅब जवळ पडते म्हणून. रविवारी येते, पण आधी पाटसला आत्याकडं आणि मग इथं. मी म्हणालो, वाट वाकडी पडते की गं. ती म्हणाली, पडू दे.

स्थळं सांगून येत आहेत. एकाची तर अट अशी की मुलगी परदेशी जाणार असेल तरच. बघा आता. साहेबाला ती परत येणार याचा पुरावा पाहिजे आणि याला परत न येण्याचा.

१२ एप्रिल, सोमवार

जिंकलो! अपील मंजूर!

जयंती दोन दिवसांवर, गल्लीत निळ्या पताका लागलेल्या आणि त्यातच हे पत्र. पार्वती रडली, मी रडलो, महेंद्रनं पेढे आणले. प्राचीनं निकाल वाचून दाखवला. न्यायाधीशानं लिहिलंय की या मुलीच्या आत्याला भाचीसाठी गोड साक्ष द्यायची असती तर तिनं असं लिहिलं नसतं. तिनं स्वतःच्या माणसांना दुखवून खरं सांगितलं आहे, म्हणून मुलगी परत येईल हे तिचं म्हणणंही मी खरं धरतो.

माझ्या तीन पानी निवेदनाबद्दल फक्त "वाचले" एवढंच आहे. असो. माणसानं मन मोठं ठेवलं पाहिजे.

प्राचीनं पहिला फोन पाटसला शेजाऱ्यांकडे केला. कुशा फोनवर म्हणाली, "मंग काय, मी खरंच सांगितलं व्हतं."

१२ सप्टेंबर २००४, रविवार

काल प्राची गेली. जीपनं विमानतळापर्यंत गेलो, कुशाही आली होती. प्राची पाया पडली तेव्हा मला इतकं म्हणायचं होतं. जपून राहा, वेळेवर जेव, थंडीत कानाला बांध. तोंडातून निघालं, "तारखेच्या आत माघारी ये गं, आपण लिहून दिलंय." ती म्हणाली, "येईन, आण्णा." आणि काचेच्या आत गेली.

कुशानं नुसता तिच्या गालावरून हात फिरवला. मला तेवढंसुद्धा जमलं नाही. गाडीत सगळी वाट त्याचंच वाईट वाटत होतं.

६ मार्च २००५, रविवार

पाईपलाइन झाली! पाणी रानात आलं तेव्हा महेंद्र लहान पोरासारखा नाचला. वडील असते तर सरीतच बसले असते. महेंद्रला आठवण दिली, प्राचीचं नाव लावायचं राहिलंय. तो म्हणाला, "आता ऊस लावलाय, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज हाय. तो तुटू द्या." बरोबर आहे, मधेच कागद हलवून चालत नाही.

प्राचीचा रविवारचा फोन आला. तिथल्या नदीत म्हणे मासे दिसतात, आणि तिला आपल्या घोडनदीचीच आठवण येते. "आण्णा, डोह अजून आहे का हो?" मी आहे म्हणालो. खरं तर तो वाळू उपशानं गेला. सांगवलं नाही.

तिच्या खोलीत सीमानं शिलाई मशीन मांडलं आहे. मशीनला उजेड तिथंच चांगला येतो.

२ ऑक्टोबर, रविवार

प्राची पास झाली, पहिल्या वर्गात. तिचे प्राध्यापक तिथंच थांब म्हणत होते, काम देणार होते. ती नाही म्हणाली. व्हिसा संपायला अजून अवकाश आहे तरी आधीच येते आहे. मी छाती फुगवून जयसिंग वकिलांना सांगायला गेलो. म्हणालो, त्या मुंबईच्या साहेबाला कुणीतरी कळवा.

६ नोव्हेंबर, रविवार

आली. पुण्याहून गाडीनं आली, मी प्लॅटफॉर्मवर तासभर आधीपासून उभा. वाळली आहे, पण तेज आहे चेहऱ्यावर. या खेपेला मी विसरलो नाही, डब्यातून उतरताच तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती तिथंच रडायला लागली. मलाही आवरेना. हमाल थांबून बघत होते.

रिक्षात मी विचारलं, "किती दिवस आहेस?" ती बाहेर बघत होती, तिला ऐकू गेलं नसावं.

घरी गल्ली लोटली होती. शेजारच्या बन्सीची आई म्हणाली, "आली का गं? किती दिस हायेस?" सीमानं पाणी देता देता विचारलं, "वन्सं, किती दिवस राहणार? म्हंजी मशीन कुठं हलवायचं ते बघते." मग जेवायला बसलो, कुशाही पाटसहून आली होती. मी प्राचीच्या ताटात वाढत म्हणालो, "मगाशी सांगितलं नाहीस. किती दिवस आहेस गं?"

प्राचीनं घास खाली ठेवला. हसतच होती.

"तुम्ही सांगा, आण्णा. किती दिवसांचा शिक्का मारताय?"

महेंद्र मोठ्यानं हसला, सगळेच हसले. कुशा हसली नाही. मी घाईनं म्हणालो, "अगं वेडे, तुझंच घर आहे. पाहिजे तितके दिवस राहा." हे मी मनापासून बोललो. तरी बोलल्यावर मला कसंतरीच झालं, आणि का ते अजून नीट उमगत नाही. प्राची "बरं" म्हणाली आणि जेवू लागली.

तिची बॅग बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आहे, तिनं अजून उघडलेली नाही. कपाटातला खालचा एक कप्पा तिच्यासाठी रिकामा करून द्यायला मी सीमाला सांगितलं आहे.